राष्ट्राध्यक्षांचा खरकटा हात

आमच्या राजधानीत केस कापायचे असतील तर परदेशात जावं लागतं. परदेश लांब नाही, तोमा नदीच्या पलीकडेच आहे, होडीवाला सकाळी नेतो आणि दुपारी आणतो. कपडे शिवायलाही तिकडेच जातात. दात दुखला तरी तिकडेच. आमच्याकडे न्हावी, शिंपी आणि दाताचा डॉक्टर नव्हते असं नाही. होते. त्यांचं संग्रहालय झालं.

इंग्रज होते तेव्हा देशाचं नाव लोअर कोस्ट होतं. अप्पर कोस्ट कुठे आहे हे त्यांनी जाईपर्यंत सांगितलं नाही. ते गेल्यावर आम्ही कोलेंगा झालो, झेंडा वर गेला, आणि डॉक्टर सिन्ये कायलो पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ते एका सकाळी दाढी करायला बसले असताना ब्रिगेडियर मोंदे दुकानात शिरले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "चला" म्हणाले. अर्धी दाढी व्हायची होती. नव्या सरकारनं त्या दुकानाला 'राष्ट्रीय मुक्ती संग्रहालय' म्हणून जाहीर केलं. खुर्चीला दोरी लावली. वस्तरा काचेच्या पेटीत गेला, आणि दुसऱ्या पेटीत साबणाचा फेस ठेवला. फेस दर सोमवारी बदलतात. न्हावी दारात बसून तिकिटं फाडतो. त्याचे दुसरे वस्तरे राष्ट्रीय संपत्ती असल्यामुळे त्याची स्वतःची दाढी पोटापर्यंत आली आहे.

मग ब्रिगेडियर मोंदेंना शिंप्याकडे धरलं. नव्या कोटाची एकच बाही जोडून झाली होती. शिंप्याचं दुकान 'राष्ट्रीय पुनर्जन्म स्मारक' झालं. त्यांच्यानंतर आलेल्या प्रोफेसर हेमोरेंना दाताच्या डॉक्टरकडे धरलं, तेव्हा त्यांच्या तोंडात कापूस होता. त्यामुळे त्यांनी देशाला उद्देशून काय निरोप दिला हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही. तिथे 'राष्ट्रीय जागृती दालन' आहे.

प्रत्येक नवं सरकार आल्याबरोबर जुन्या सरकारचं सगळं मोडायचं. झेंडा, नोटा, रस्त्यांची नावं, शाळेतली प्रार्थना, सगळं. फक्त स्मारक खात्याला कोणी हात लावला नाही, कारण प्रत्येकालाच स्वतःचं एक स्मारक हवं होतं. त्या खात्यात इंग्रजांच्या काळापासून एकच साहेब होते, मिस्टर कोकर. कोट, टाय, आणि खिशात मोजपट्टी.

हे सगळं आधी सांगितलं, कारण माझ्या आईची खानावळ शिंप्याच्या त्या स्मारकाला लागून आहे. आईचं नाव जेनेबा. अख्खं गाव तिला जेनेबामावशी म्हणतं. तिच्याहून मोठी माणसंही मावशीच म्हणतात, कारण वाढणारी तीच असते. खानावळ म्हणजे मातीची एक खोली, तीन बाकं, मागे चूल, आणि चुलीवर शेंगदाण्याच्या कालवणाचं एवढं मोठं भांडं, की माझं लग्न होत नाही याचं कारण ते भांडं आहे असं शेजारच्या बायका म्हणायच्या. ही मुलगी त्यातच पडलेली असते म्हणे. खरं होतं. शेंगदाणे मी वाटायची, मटणाच्या नळ्या आई फोडायची.

आता खरकट्या हाताचं सांगते. कोलेंगात ज्याचा हात खरकटा आहे त्याला कोणी धरत नाही. पोलीस धरत नाहीत, सासू धरत नाही. माणूस जेवायला बसला, वाडग्यात हात घातला, की तो त्या वाडग्याचा. हात धुतला की परत जगाचा. आणि हात धुवायला पाणी द्यायचं ते वाढणाऱ्यानं. जेवणाऱ्यानं मागायचं नाही, ते वाईट दिसतं. एकदा एका इंग्रज गव्हर्नरनं एका सरदाराला जेवताना धरलं, तर देशातल्या एकूण एक स्वयंपाकिणींनी इंग्रजांच्या घरची चूल पेटवायची बंद केली. साहेबांनी महिनाभर डब्यातली मासळी खाल्ली आणि मग हा रिवाज कायद्यातच लिहून टाकला. स्वातंत्र्यानंतर आम्ही इंग्रजांचे बाकीचे कायदे फेकले. हा ठेवला.

तर तो मंगळवार.

राष्ट्राध्यक्ष बोकारी तेंगबे जेवायला आले होते. ते दर मंगळवारी यायचे. राजवाड्यात स्वयंपाकी होता, पण तो परदेशात शिकलेला असल्यामुळे त्याच्या कालवणात तळ दिसायचा. तेंगबेसाहेब नेहमीसारखे कोपऱ्यातल्या बाकावर बसले, मागवला तो मोठा वाडगा, त्यात कसाव्याच्या कंदाचा गोळा. पहिला घास घेतला आणि रेडिओ बोलायला लागला.

"कोलेंगाच्या नागरिकांनो, तेंगबे यांचं भ्रष्ट सरकार आज सकाळी कोसळलं आहे."

खानावळीत सगळे थांबले. साहेबांचा हात अर्ध्यात थांबला.

"येमा, बंद कर तो," आई म्हणाली. "गिऱ्हाईक जेवतंय."

मी रेडिओ बंद केला. बाकीची गिऱ्हाइकं उठून, आईनं घातलेल्या पाण्यानं हात धुवून, आम्ही आलोच नव्हतो अशा चेहऱ्यानं बाहेर पडली. साहेबांनी घास तोंडात घातला आणि विचारलं, "मावशी, कोसळलं म्हणजे माझंच का?"

"नाव तर तुमचंच घेतलं."

"कमाल आहे. मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही जेवा."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. कर्नल लान्सा दुवाई आत आला. लान्सा आमच्या ओळखीचा. कॅडेट होता तेव्हा आईकडे जेवायचा, आणि खाटकाचा मुलगा असल्यामुळे मटणाबद्दल मतं द्यायचा. मागे सार्जंट ब्रिमा आणि चार शिपाई. आणि सगळ्यांच्या मागे, टोपी हातात घेऊन, मिस्टर कोकर.

कोकरसाहेबांना बघितल्यावर आईच्या हातातला डाव खाली आला.

"मावशी, नमस्कार," लान्सा म्हणाला. "त्रास देतोय. दोन मिनिटांचं काम आहे."

"बस की."

"बसायला वेळ नाही. देश ताब्यात घेतलाय." मग तो साहेबांकडे वळला, हात पुढे केला, आणि त्याला वाडगा दिसला. हात तसाच हवेत राहिला. "जेवताय होय?"

"आत्ताच बसलो," तेंगबेसाहेब म्हणाले.

"असू द्या, असू द्या. सावकाश होऊ द्या." लान्सा दोन पावलं मागे सरकून दाराच्या चौकटीला टेकला. शिपायांकडे बंदुका होत्या. पण खरकट्या हाताच्या माणसावर बंदूक उगारली असं कळलं असतं, तर त्यांच्या आयांनी त्यांना घरात घेतलं नसतं.

कोकरसाहेबांनी मात्र खिशातून मोजपट्टी काढली होती. त्यांनी दाराची उंची मोजली, बाकाची लांबी मोजली, आणि आईला अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, ही भिंत मूळचीच पिवळी आहे की धुरानं झाली आहे? तसं पाटीवर लिहावं लागेल."

"कसली पाटी?"

"'राष्ट्रीय पहाट संग्रहालय'. नाव कर्नलसाहेबांनी सुचवलं आहे. चूल अर्थातच विझवावी लागेल. आगीचा धोका असतो. भांडं राहील. त्यात आपण लाकडाचं कालवण करून ठेवू, रंग देऊन."

"आणि मी?"

"तुम्ही तिकिटं. न्हावी आहे तसंच. खुर्ची मिळेल."

आई चुलीकडे वळली. मी तिच्याकडे बघत होते. चूल तिनं स्वतः रचलेली. मातीत कोंडा मिसळून, माझे बाबा बोटीवर गेले ते परत आले नाहीत त्या वर्षी. तिच्यावर आमची दोघींची पोटं भरली होती, आणि मधल्या तीन सरकारांची. तिनं लान्साकडे बघितलं, कोकरकडे बघितलं, आणि मग डाव उचलून साहेबांच्या वाडग्यात आणखी कालवण घातलं.

"मावशी, बास," साहेब म्हणाले.

"खा."

मला कळलं. साहेबांना इथे धरलं तर चूल गेली. आणि साहेब जेवतायत तोवर त्यांना धरता येत नाही.

दुपार चढायला लागली. साहेब जेवत होते. गोळा संपला की आई दुसरा टाकायची. कालवण भांड्यात उतरत होतं. साहेबांनी पट्टा सैल केला, मग काढून बाकावर ठेवला.

"मावशी, आता खरंच पोटात जागा नाही."

"जागा करा साहेब. देशासाठी एवढं करता येत नाही?"

"देशासाठी मी पाच वर्षं—"

"खा आधी. भाषण नंतर."

दारात लान्साचे हाल होते. त्यानं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. सरकार पाडायच्या गडबडीत जेवण राहतंच. वास येत होता. त्याच्या पोटातून एक आवाज आला, तो सार्जंट ब्रिमानं सरकारी बातमीसारखा गंभीरपणे ऐकून घेतला.

"लान्सा, थोडं वाढू का तुला?" आईनं विचारलं.

"नको मावशी. मी ड्यूटीवर आहे."

"जेवायला कसली ड्यूटी?"

"नको म्हटलं ना! मला फसवायला बघू नका." तो हसला. "मी जेवायला बसलो की माझाही हात खरकटा. मग मी धरणार कोणाला? मी काय लहान आहे?"

शहाणा होता लान्सा. म्हणून तर कर्नल झाला.

शेवटी ते भांडं, ज्याच्यामुळे माझं लग्न अडलं होतं, रिकामं झालं. आईनं तळ खरवडून साहेबांना वाढलं. साहेबांनी ते संपवलं. वाडग्यात एक नळी उरली. साहेबांनी ती चोखली. परत चोखली. खानावळीत दुसरा काही आवाज नव्हता.

"झालं," लान्सा म्हणाला. "मावशी, पाणी द्या साहेबांना."

"झालं कुठे," तेंगबेसाहेब म्हणाले. घामानं डबडबले होते बिचारे. "नळी आहे अजून."

"नळी रिकामी आहे."

"तुम्ही दारात उभे. दारातून नळीच्या आतलं दिसतं?"

"दिसायला कशाला पाहिजे? आवाज येतो. रिकाम्या नळीचा आवाज वेगळा असतो. माझ्या बापाचं दुकान होतं, मला शिकवू नका."

"या नळीत आहे."

"नाही!"

"कर्नल, तुम्ही माझं सरकार घ्या. पण जे आहे त्याला नाही म्हणू नका."

हा वाद चालू होता तेव्हा कोकरसाहेब चूल मोजायला मागे आले होते. आईनं त्यांना "जरा बाजूला व्हा" म्हणून बाजूला केलं, पालथ्या टोपलीखालून एक नळी काढली, पुढे जाऊन वाडगा पुसल्यासारखं केलं आणि आली. मी बघितलं. साहेबांनीही बघितलं, पण ते राजकारणात होते, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. त्यांनी फक्त वाडगा हातभर पुढे सरकवला.

"बघा. तुम्हीच सांगा. खाटकाचे चिरंजीव आहात."

लान्सा आला. वाकून बघितलं. नळी उचलली. आमच्याकडचा कुठलाही पुरुष जे करेल तेच त्यानं केलं. नळी मनगटावर दोनदा आपटली, कान लावला, भुवई उंचावली, आणि खात्री करायला चोखली.

मगज आलं. भरपूर आलं. हनुवटीवरून ओघळून अंगठ्यापर्यंत, अंगठ्यावरून मनगटाच्या घड्याळापर्यंत आलं.



"कसं झालंय?" आईनं विचारलं.

लान्साचे डोळे मिटले होते. "मीठ..." तो म्हणाला.

"मिठाचं काय?"

"मीठ बरोबर आहे." आणि मग त्यानं डोळे उघडले, स्वतःचा हात बघितला, आणि आपल्या हातून काय झालं ते त्याला कळलं. "मावशी!"

"मी काय केलं? मी विचारलं तेव्हा नको म्हणालास."

सार्जंट ब्रिमानं खाकरून विचारलं, "साहेब, आता हुकूम कोणाचा?"

"माझा!" लान्सा म्हणाला.

"पण तुमचा हात खरकटा आहे साहेब. खरकट्या हातानं हुकूम देत नाहीत."

"मग माझा," तेंगबेसाहेब म्हणाले.

"तुमचाही खरकटा आहे साहेब."

"मग तू काय करणार?"

"मी उभा राहतो साहेब," ब्रिमा म्हणाला, आणि उभा राहिला. शिपाईही उभे राहिले. कोलेंगा प्रजासत्ताकाचा कारभार त्या घटकेला पूर्ण थांबला होता. रस्त्यात कोणाला काही फरक जाणवला नाही.

"पाणी द्या मावशी," लान्सा दात आवळून म्हणाला. पाणी मागितलं म्हणून त्याचा त्यालाच संकोच झाला असावा, कारण कान लाल झाले.

आईनं खुंटीवरचा पाण्याचा तुंबा काढला. मोठा दुधी भोपळ्याचा तुंबा, लांब चोचीचा. भरला, डोक्यावर घेतला. "देते. पण इथे नाही. इथे माझी चूल आहे."

"जेवले तिथेच पाणी द्यायचं असतं!"

"असं कोणी सांगितलं? कोकरसाहेब, तुम्ही कायदा पाठ केलेला आहे. सांगा बघू."

कोकरसाहेबांनी टोपी छातीशी धरली आणि डोळे मिटून इंग्रजी कायदा आमच्या भाषेत म्हणून दाखवला. "'जेवण संपल्यावर यजमानाने पाहुण्यास हात धुण्यासाठी पाणी पुरवावे.' एवढंच आहे."

"कुठे, ते?"

कोकरसाहेबांनी डोळे उघडले. खोटं बोलता आलं असतं त्यांना. पण तीसेक वर्षं सरकारी नोकरी करूनही ते त्यांना जमलं नव्हतं. "ते लिहिलेलं नाही, मॅडम."

"चला तर मग," आई म्हणाली.

आणि निघालो. पुढे आई, डोक्यावर तुंबा. मागे दोन माणसं, दोघांचे उजवे हात वर, बोटांवरून कालवण कोपराकडे ओघळतंय. त्यांच्यामागे शिपाई, त्यांच्यामागे कोकरसाहेब, आणि शेवटी मी, हात पुसायचं फडकं घेऊन. एक कुत्रा लान्साच्या हाताकडे बघत बघत आमच्याबरोबर चालत राहिला. लान्सानं त्याला शिपायांकरवी हाकललं असतं, पण हुकूम देता येत नव्हता.

बातमी आमच्या आधी पोचली होती. मावशी जिथे पाणी ओतेल तिथे धरणार, आणि जिथे धरणार तिथे संग्रहालय होणार, हे गावाला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. फळ्या धडाधड लागत होत्या. सायकलवाला आपला पंप कवटाळून आत पळाला. केळी तळणाऱ्या बाईनं पेटती शेगडीच डोक्यावर घेतली आणि धावत सुटली.

"मावशी, इथे नको गं! माझी पोरं लहान आहेत!" कोळसेवाली ओरडली.

"मी थांबलेय का?" आई म्हणाली.

"इतिहास पुढे न्या!" वरच्या खिडकीतून कोणीतरी म्हणालं. "आमच्याकडे आधीच शिंपी आहे!"

पाद्रीबाबांनी चर्चच्या दाराला आतून कडी घातली. मशिदीच्या मौलवींनी दार उघडं ठेवलं, पण बाहेर चपला इतक्या दाट मांडून ठेवल्या, की पाऊल टाकायला जागा राहिली नाही.

चौकात लान्सा म्हणाला, "मावशी, राजवाड्यात जाऊ. मोठा आहे, दोन नळ आहेत."

"राजवाड्याचं संग्रहालय झालं तर तू राहणार कुठे?"

लान्सानं विचार केला. "राजवाडा नको," तो म्हणाला.

"बराकीत चला," तेंगबेसाहेब म्हणाले.

"आम्ही झोपायचं कुठे साहेब?" मागून चारही शिपाई एकदम म्हणाले. वाटेत ते तेवढंच बोलले.

"संसदेत?"

"ती कुठे उघडी असते," आई म्हणाली.

"मग होडीच्या धक्क्यावर!"

"आणि लोकांनी केस कुठे कापायचे?"

आई चालत राहिली. तिला वाट विचारायला लागत नव्हती. धक्क्याच्या अलीकडे उजवीकडे वळली, आंब्यांच्या रांगेखालून गेली, आणि एका पिवळ्या, दुमजली, इंग्रजांच्या वेळच्या इमारतीच्या पायऱ्यांवर थांबली. दारावर पितळी पाटी होती. 'स्मारक व संग्रहालय खाते. वेळ दहा ते चार.'

कोकरसाहेब गर्दीतून पुढे आले. त्यांना बहुतेक वाटलं असावं की आपल्याला सोडायला आलेत सगळे.

"मॅडम, ही सरकारी कचेरी आहे."

"हो. पायऱ्या छान आहेत. पाणी वाहून जाईल."

"पण इथे जर राष्ट्राध्यक्षांना..." आणि त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. नियमाचा माणूस. वाक्याचा शेवट त्यांना दिसला होता.

आईनं तुंबा उतरवला. "दोघंही या. एकाच धारेखाली. एकाला आधी दिलं आणि दुसऱ्याला नंतर, असं माझ्याकडे होत नाही."

दोघं वाकले. मोठा हात आणि त्याहून मोठा हात, एका धारेखाली. आईनं शांतपणे पाणी ओतलं. बोटं चोळा म्हणाली, नखांतलं काढा म्हणाली. लान्सानं घड्याळही धुतलं. मी फडकं पुढे केलं. दोघांनी एकाच फडक्याची दोन टोकं धरली, हात पुसले, आणि एकाच दमात ओरडले.

"धरा त्याला!"

"धरा त्याला!"

सार्जंट ब्रिमा सावधानमध्ये होता. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दोन हुकूम होते. एक राष्ट्राध्यक्षांचा, ज्यांना अजून कोणी धरलं नव्हतं म्हणून जे अजून राष्ट्राध्यक्ष होते. दुसरा कर्नलचा, ज्याच्या हाताखाली ब्रिमा सकाळपासून होता. दोन्ही हात स्वच्छ. दोन्ही हुकूम कायदेशीर. ब्रिमानं सैन्यात आल्यापासून एकही कायदेशीर हुकूम मोडला नव्हता.

त्यानं डावा हात तेंगबेसाहेबांच्या खांद्यावर ठेवला आणि उजवा लान्साच्या. "चला," तो म्हणाला.

"अरे ब्रिमा, गाढवा, मी तुझा कर्नल आहे!"

"हो साहेब. पाळला ना हुकूम. चला."

तेंगबेसाहेब आपणहून निघाले. इतकं खाल्लेलं होतं, की चालायला मिळतंय याचंच त्यांना बरं वाटत असावं. दोघांना मधे घेऊन शिपाई तुरुंगाच्या रस्त्यानं गेले. कुत्रा थोडा वेळ लान्सामागे गेला, हाताला आता वास नाही असं त्याच्या लक्षात आलं, आणि तो परत फिरला.

पायऱ्यांवर कोकरसाहेब उरले, आई आणि मी. आणि अर्धं गाव, लांबून.

कोकरसाहेबांनी मोजपट्टी काढली. त्यांनी पायऱ्यांची रुंदी मोजली. पाणी सांडलं होतं तिथे खडूनं गोल केला. मग आत गेले, आणि खिडकीतून आम्हाला दिसत होतं, त्यांनी आपल्याच टेबलाला दोरी बांधली, आपल्याच खुर्चीला दोरी बांधली, शाईची दौत काचेच्या पेटीत ठेवली. बाहेर आले, दाराला कुलूप लावलं, आणि किल्लीकडे बघत उभे राहिले. किल्ली स्मारक खात्यात जमा करायची असते. खातं आत होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "आता पुढचं स्मारक जाहीर कोण करणार?"

"खातं."

"खात्याचं संग्रहालय झालं. संग्रहालयात काम करायला बंदी आहे. नियम मीच केला."

"मग कोणी नाही करणार."

त्यांनी किल्ली मोजपट्टीबरोबर खिशात ठेवली. "म्हणजे तुमच्या भिंतीचा रंग..."

"धुराचा आहे. राहू द्या तसाच. जेवलात का सकाळपासून?"

"कामाच्या वेळेत मी जेवत नाही."

"कामाची वेळ गेली आता. चला. भांडं घासावं लागेल आधी, ते तुम्ही धरा, येमाला एकटीला हलत नाही."

संध्याकाळी आमच्या चुलीवर परत कालवण होतं. मी पाट्यावर टाकलेल्या शेंगदाण्यांवर कोकरसाहेबांनी कोट काढून पहिला वरवंटा फिरवला, आणि लगेच सांगितलं की आमचा पाटा एका बाजूला कललेला आहे. तो खरंच कलला होता. रेडिओवर निवेदक म्हणत होता, "कोलेंगाच्या नागरिकांनो, आपले नवे राष्ट्राध्यक्ष..." आणि मग ढोल वाजवत होते. दर थोड्या वेळानं तो परत तेवढंच म्हणायचा आणि परत ढोल. नाव अजून कोणी कळवलं नव्हतं.

मग सार्जंट ब्रिमा आला. दारातच उभा राहिला. घामेजला होता.

"मावशी, एक अडचण आहे. माझी शिपाई पोरं म्हणतात, सत्तेवरून पडलेल्या माणसाला पहाटे भिंतीपाशी बंदुकांसमोर उभं करायची पद्धत आहे. मोंदेंच्या वेळी तसंच केलं. मी म्हटलं, ते एक होते. हे दोन आहेत. आणि कोण पडलाय ते नक्की नाही. तर पोरं म्हणतात, दोघांनाही करू."

चुलीचा धूर सगळीकडे पसरला होता. आईनं डोळे पुसले, ते धुरामुळेच. "तुला काय वाटतं ब्रिमा?"

"मला हुकूम पाहिजे मावशी. हुकूम नसला की मला झोप येत नाही."

आईनं सगळ्यात मोठा वाडगा घेतला. दोन माणसांना पुरून उरेल एवढा. कालवण घातलं, गोळे घातले, वर दोन नळ्या ठेवल्या, न फोडलेल्या. केळीच्या पानानं झाकलं आणि ब्रिमाच्या हातात दिलं.

"दोघांना एकातच जेवू दे. पहाटेच्या आत पोचव, आणि त्यांनी हात घातला की नाही ते उभं राहून बघ."

ब्रिमा वाडग्याकडे बघत राहिला. त्याला कळायला वेळ लागला, पण कळलं. खांदे खाली आले. "आणि हात धुवायला पाणी?"

"पाणी देणं माझं काम. दुसऱ्या कोणी द्यायचं नाही, सांगून ठेव पोरांना."

"पण तुम्ही कधी येणार?"

आईनं चुलीत लाकूड सरकवलं. "येईन की. एवढ्यात सवड नाही बघ."